तुझा तिसरा कुकारा

आये, परवा मी तुझ्या नाचणीच्या शेतात झोपून आले. खोटं नाही सांगत. तुझ्या नातीने, माझ्या लेकीने, मला डोंगर चढवला. ती पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी आली की पाठीला सॅक लावून कुठला तरी डोंगर गाठते. तुम्ही ज्या वाटेने डोक्यावर ओझं घेऊन पोटासाठी उतरायचात, त्या वाटेने ही माणसं हौसेने चढतात आणि वर पोचली की एकमेकांना टाळ्या देतात. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. लेक म्हणाली, "आई, डोंगर तुझा, आणि तूच कधी जात नाहीस?" मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. खरं कारण गुडघ्यांचं नव्हतंच. ते तुला ठाऊक होतं की नाही, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

पोलादपूरच्या पुढे पायथ्याला गाड्या लावल्या. सात-आठ जण, सगळे लेकीच्या वयाचे, त्यात मी एकटीच पन्नाशीची मास्तरीण. लेकीने मला नवे बूट घेऊन दिले होते. त्यात माझे पाय म्हणजे डालग्यात कोंबलेल्या कोंबड्या. पण वाट पायांना पाठ होती गं. खिंडीतला तो कमरेएवढा दगड अजून तसाच आहे, जिथं तू कुणाला हात लावू न देता ओझं टेकवायचीस. पाय मोडल्यावरही तू याच वाटेने महाडच्या बाजाराला उतरत राहिलीस. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. मी शाळेसाठी जिच्याकडे राहायची त्या मावशीच्या दारात यायचीस तेव्हा काठीचा आवाज आधी यायचा. शाळेतून आलेली मी वही उघडून मान खाली घालून बसायची. तुला वाटायचं, पोर अभ्यासाची आहे.

वाडीत आता कुणी राहत नाही. पाच घरांचे नुसते चौथरे उरलेत, सगळी माणसं खाली उतरली. तुझ्या शेतावर गवत कमरेपर्यंत. पोरांनी तिथंच तंबू ठोकायला घेतले, तेही नेमके बांधावर. मला राहवलं नाही. "अरे, बांध आहे तो! बांधावर खुंट्या ठोकतात का कुणी?" म्हणून ओरडलेच. आवाज थेट तुझा निघाला. बिचाऱ्यांनी निमूटपणे तंबू हलवले. त्यांनी स्टोव्हवर नूडल्स शिजवल्या, मी घरून नेलेली भाकरी आणि सुकटीची चटणी काढली, आणि नूडल्सकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ऊन अजून होतं. लेक दोन बाटल्या घेऊन झऱ्यावर गेली आणि तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं वर आलं. तुला ते धुकं मी काय सांगू? हाताची बोटं दिसेनात.

तसंच धुकं त्या दिवशीही होतं. मी नऊ वर्षांची. बाबा मला संध्याकाळच्या एसटीने महाडला मावशीकडे सोडणार आहेत, शाळेसाठी. तू माझं गाठोडं बांधतेयस, वरून नाचणीचे लाडू ठेवतेयस, आणि मी मागच्या दाराने सटकून झऱ्यावरच्या मोठ्या खडकामागं जाऊन बसलेय. मला जायचं नाहीये. एसटी चुकली की आजचं तरी टळेल, एवढंच डोक्यात. मग तुझा कुकारा आला. आपल्याकडे रानात नावाने हाक मारत नसत, ती लांब पोचत नाही. लांब कू घालायची, आणि ज्याला ऐकू जाईल त्याने ओ द्यायची. तूच शिकवलं होतंस, "रुसलीस तरी ओ द्यायची गो, मग काय रुसायचं ते रुस." मी ओ दिली नाही. तू जवळ आलीस, पुन्हा कू घातलीस. मी गुडघ्यात तोंड खुपसलं. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि तू ओरडलीस.

मी धावत आले तेव्हा तू उतारावर पडली होतीस, पाय भलतीकडेच वळलेला. तशातही मला बघून म्हणालीस, "हाय गो माझी बाय, हाय." पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हाड सरळ बसलं नाही. बाबांनी मला दरडावून विचारलं, "ओ का नाय दिलीस?" माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "धुक्यात आवाज दबतो. पोरीला ऐकायला नाय गेला." पुढे जो कोणी पायाचं विचारी त्याला तू हेच सांगितलंस. मीही हेच सांगत राहिले. सांगून सांगून ते खरंच वाटायला लागलं होतं मला.

परवा मी आधी लेकीला नावाने हाका मारल्या. काही नाही. फोनला रेंज नाही. मग माझ्या गळ्यातून ती कू निघाली. इतक्या वर्षांत एकदाही घातली नव्हती मी. एक झाली. उत्तर नाही. दुसरी. उत्तर नाही. मी चालत सुटले, आणि पायाखालचा दगड हलला तेव्हा कळलं की मी त्याच उतारावर उभी आहे. तेव्हा तुला काय झालं असेल, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं गं, आये. मी मटकन खाली बसले आणि बसूनच तिसरी कू घातली. अगदी जवळून आवाज आला, "आई? ती तू होतीस? मला वाटलं, कुणीतरी म्हशींना बोलावतंय!" एक थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तिला पोटाशी धरून मी रडले. तिची काय चूक? मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. लेक टोकावर उभी राहून कुकारा शिकली, मी खालून ओ देत होते. मग माझ्या शेजारी चहाचा पेला घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी तुला असंच बोलवायची? आणि तू लगेच ओ द्यायचीस?" मी म्हटलं, "हो, लगेच." पटकन निघून गेलं तोंडातून. उरलेला चहा मी गवतात ओतला.

म्हणून घरी आल्यावर आधी हा कागद घेतला. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुला वाचायला येत नव्हतं, आणि आपल्या वाडीत पोस्टमन कधी चढलाच नाही. कदाचित त्याच धीरावर लिहितेय. धुक्यात आवाज दबत नाही. परवा लेकीला माझ्या तिन्ही कू ऐकू गेल्या होत्या, तिनेच सांगितलं. तू जन्मभर धुक्याला दोष दिलास. तुला तेव्हाच कळलं होतं का गं?

मला ऐकू आलं होतं, आये. दोन्ही वेळा, अगदी स्पष्ट. तू तिसरा कुकारा घालायच्या आत पडलीस. तो ऐकला असता तर मी ओ दिली असती, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही. मी खडकामागंच बसून राहणार होते. आता देते. ओ, आये. ओ.