आईच्या पानावर कोण

८ सप्टेंबर, सोमवार
साताऱ्याहून आत्या आली. पिशवीतून आधी भाकऱ्या निघाल्या, मग टोमणे. "तुझं काही जमलं का गं?" जमलेलं मोडलं, हे तिला माहीत आहे. तरी विचारते.

पुढच्या सोमवारी अविधवा नवमी. आईची पहिलीच. मागच्या वेळी वर्ष सरलं नव्हतं. आई अण्णांच्या आधी, कुंकवासकट गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. ओटी, साडी, सगळं. पानावर कोण बसणार ते आईनं हॉस्पिटलात माझ्यादेखत सांगून ठेवलंय. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली हिरामावशी, आईची जिवाभावाची मैत्रीण. "हिरे, माझ्या पानावर तूच बस. दुसरी बसली तर घास अडकवीन तिचा."

आत्या म्हणते, "ती मासळीवाली? नवरा टाकून गेलेला, जिवंत आहे का मेलाय कुणाला ठाऊक. सवाष्ण पाहिजे, संशय नको."

अण्णा पेपर वाचत राहिले. कालचा.

९ सप्टें.
लोक आईची आठवण काढतात ती भलत्याच बाईची. प्रेमळ म्हणे, सोशिक म्हणे. आईच्या जिभेला हाड नव्हतं. मला 'भवाने' सोडून हाक नाही. पण ऑफिसातून आले की दोघी चहा घेऊन बसायचो आणि अख्ख्या सोसायटीची सालं काढायचो. तशी मैत्रीण मला परत मिळायची नाही. आता चहा नुसता पिते.

मावशीकडे जाऊन आई चोरून सुकट खायची. मग ओवा चघळत घरी. अण्णांना वास यायचाच. शेवटी शेवटी आईचं सगळं अंग मावशीनं पुसलं. तेव्हा आत्या कुठे होती? पाय दुखत होता म्हणे.

११ सप्टें.
सारसोळ्यात कुजबुज जुनीच आहे की मावशीचा नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर होता, तिकडेच उरणला दुसरं घर केलं. मावशी अजून मंगळसूत्र घालून त्याला शिव्या देते. अण्णांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला गाठलं. पत्ता मिळाला. जिवंत आहे एवढं बघून यायचं, आत्याचं तोंड बंद. सोपं आहे.

१३ सप्टें., शनि.
उरणला गेले. दार त्याच्या दुसऱ्या बायकोनं उघडलं. रिकामं कपाळ. त्याचं नाव सांगितलं तर म्हणाली, "आत या, भेटा." भिंतीवर फोटो, फोटोला प्लास्टिकचा हार. चार वर्षं झाली.

मी उठत होते तर म्हणाली, "तुमच्याकडची एक आलेली आधी. मोठं कुंकू, तोंड फाटकं. मला नाही नाही ते बोलली. मग रडली, चहा प्यायली. जाताना म्हणाली, सारसोळ्यात कळलं तर परत येईन."

आई. दुसरी कोण असणार.

म्हणजे माहीत असून दर संक्रांतीला मावशीला स्वतःच्या हातानं कुंकू लावत होती. आणि मला बोलली नाही. मला! इतका राग आलाय की काय लिहू.

घरी आत्यानं विचारलं. मी म्हणाले, आहे जिवंत.

१५ सप्टें., नवमी
मावशी बसली. नाकात नथ, केसांना तेल. मी पाय धुतले, कुंकू लावलं, आईची अंजिरी साडी ओटीत घातली. खीर, वडे, अळूची भाजी. अण्णा नमस्कार करून उभेच राहिले, डोळे भरलेले. तेवढ्यात आत्या. तिला गप्प बसवतच नाही. "काय हो, मालक येत नाहीत का कधी? आमच्या वहिनीच्या पानावर बसलात म्हणून विचारते. असतील ना?"

मावशीचा घास हातातच.

डोकं फिरलं माझं. "शनिवारी भेटून आले मी त्यांना. चांगले ठणठणीत आहेत. चहा पाजला मला." चहाचं काय अडलं होतं? पण म्हणून गेले.

आत्यानं खिरीचं पातेलं उचललं. मी जिंकले. मग मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तसं तोंड तिचं मी आजवर पाहिलं नव्हतं. पान स्वच्छ पुसून जेवली.

१६ सप्टें., मंगळ
सकाळी बेल. मावशी. अंजिरी साडी नेसून, पावडर लावून. टोपली नाही. धंद्याला गेलीच नाही.

"कवा जायाचा?"

कुठे, म्हणाले मी. निर्लज्जासारखं.

"उरनला गो. मी त सोडला व्हता त्याला. मेला आसंल, म्हनून मन घट केला व्हता. तुजे आयशीला दहांदा इचारला, ती गप. तू बोल्लीस, तवा समाजला." मग खाली बघून, "काय नको मना त्याचा. दोन शिव्या घालीन न् येईन. तुना चहा पाजला, मना पाजंल ना?"

आईनं गप्प राहून जे सांभाळलं ते मी एका पानासाठी घालवलं. सांगायला तोंड उघडलं, तर तिनं साडीची निरी सारखी केली. रविवारी जाऊ, म्हणाले.

ती गेल्यावर कॅलेंडर बघितलं. रविवारी सर्वपित्री आहे.