दोनदा निघालेलं फिलिंग

चिखली,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय निवेदिता,

जय भीम. तुझ्या आईची, काकूंची तब्येत आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. सरूबाई रोज क्लिनिकमध्ये झाडू मारताना विचारतात, "निवेदिता मॅडम कधी येणार?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

निघोजे गावच्या कंपनीतली ऋता आठवते ना, पुढच्या दाताचा टवका उडालेली? दात पांढरे तू केलेस, फिलिंग मी बसवलं. मध्ये दोन आठवडे सोडावे लागतात, नाहीतर ब्लीचचा ऑक्सिजन दातात राहतो आणि फिलिंग धरत नाही. तिच्या कार्डावर तू लिहिलेल्या ब्लीचच्या तारखेपासून मी सोळा दिवस मोजले होते. तरी सहाव्या दिवशी फिलिंग निघालं. पुन्हा बसवलं, पुन्हा निघालं.

तिचा साखरपुडा आठवड्यावर. "मॅडम, मी हसू तरी कशी?" म्हणून ती रडायला लागली, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ब्लीच उशिरा करून तू मागची तारीख टाकली असशील. मग तुझं प्रत्येक वागणं मला खुपायला लागलं. बाहेर जाऊन फोनवर हळू बोलणं, पाचलाच निघणं. सहा वर्षांची मैत्री, आणि भरल्या क्लिनिकमध्ये मी म्हणाले, "कार्डावर खोटं लिहितेस?"

तू एप्रन काढलास आणि गेलीस.

पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर मी तुझा ड्रॉवर उघडला. पुरावा शोधत होते. काकूंच्या केमोची फाईल सापडली. ते फोन, ते पाचला निघणं कशासाठी होतं, ते तेव्हा कळलं. तरीही माझा संशय गेला नाही, निवेदिता.

काल ऋता परत आली. रंग जुळवायला गेले तर दात आधीपेक्षा पांढरे. विचारलं, "घरी काही लावतेस का?"

ती खाली बघत म्हणाली, "दात पांढरे करायचं जेल ऑनलाइन मागवलंय. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, फोटोत दात पिवळे दिसतात. रोज लावते. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

मी तिला रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? हा प्रश्न पहिल्याच वेळी विचारायला हवा होता. तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. खरं सांगू? पेशंट तुलाच मागतात, हे मला दोन वर्षं सलतंय.

जेल बंद करून दोन आठवड्यांनी यायला सांगितलंय. साखरपुडा टवका उडालेल्या दातानेच होणार. चूक तुझी नव्हती, हे तिला आणि सरूबाईंना समोर बसवून सांगितलं.

पण तुला तोंडावर बोलले, ते तोंडावरच मागे घ्यायला हवं. पुढच्या रविवारी तुझ्या दारात येईन. दार उघडलं नाहीस तर गुपचूप परत फिरेन.

पेशंटआधी तुझ्यावर शंका घेतलेली,
मिनल