चर्चची डिस्क कशाने भरते

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सकाळी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेलो. पायऱ्यांवरचा बर्फ ओढला, तळघरातली भट्टी पेटवली, माळ्यावर जाऊन रेकॉर्डिंगचं मशीन सुरू केलं. उपदेश अर्ध्यावर आला आणि पडद्यावर पाटी – डिस्क भरली आहे. रेकॉर्डिंग तुटलं. फोनवरून ऐकणाऱ्यांचं ऐकणंही तुटलं.

सुश मावशी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. रविवारी फोन कानाला लावून पडते, तेच तिचं चर्च. दुपारी तिने फोन केला. "अब्राम, लोवेन पाद्रींनी मध्येच उपदेश सोडला का रे? की मी मेले असं वाटलं तुम्हाला?"

कॉर्नेलियसने दारातच गाठलं. माझ्या बायकोचा, आगाथाचा भाऊ; चर्चचा डीकन, पाद्रींचा उजवा हात. खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून दातांनी फोडत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, त्या डब्यात तुमच्या जुन्या ट्रॅक्टरांचे फोटो भरलेत की काय?"

लोक हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत दात आवळलेलेच होते.

सोमवार

जुने फोटो काढले. नाताळचे तीन कार्यक्रम काढले. कचरापेटी रिकामी केली. थोडी जागा झाली.

मंगळवार

ती जागाही पुन्हा संपत चाललीय. रात्रीत कोणी काही ठेवलं नाही, माळ्याची किल्ली माझ्याकडे. म्हणजे बोट माझ्याकडेच.

आगाथाने बातमी आणली – गुरुवारच्या बंधुसभेत कॉर्नेलियस बोलणार आहे. माळ्याची किल्ली माझ्याकडून काढून घ्यायची. इतकी वर्षं देवाच्या घरात मला एवढं एकच काम नेमून दिलेलं आहे. गाता येत नाही, बोलता येत नाही. मशीन तेवढं चालवता येतं.

प्रार्थनेला बसलो. मनात त्याचं तोंडच येत राहिलं. उठलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सापडलं.

फायली आकाराप्रमाणे लावल्या. सर्वांत वर रविवारच्याच फायली, सप्टेंबरपासूनच्या. एकेक अशी फुगलेली की उपदेश नव्हे, अख्खा आठवडा आत असावा. आणि तसंच निघालं! एक रविवार सुरू होतो तो पुढच्या रविवारपर्यंत संपतच नाही. सोमवारी जागा होताच आपोआप सुरू झालेली तर अजून वाढत होती.

मी मशीन हाताने कधीच बंद करत नाही. सगळे घरी गेले, शांतता झाली, की ते आपोआप थांबावं अशी खूण मी सेटिंगमध्ये करून ठेवली होती. ती खूण कोणीतरी काढली होती.

आगाथाला विचारलं. ती पीठ मळत होती. "विसरलात? सप्टेंबरात, कापणीच्या वेळी, एका रविवारी तुम्ही शेतावर होतात. मशीन कॉर्नीने चालवलं. घरी येऊन फुशारकी मारत होता, दाजींचं मशीन माझ्या प्रार्थनेत बंद पडायचं, ते मी सरळ केलं म्हणून."

मग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे सगळे गुडघे टेकून मुक्याने प्रार्थना करतात, आणि डीकन उठेपर्यंत कोणी उठत नाही. कॉर्नेलियसचं मौन हल्ली फार लांबतं. देवाला समजावून सांगण्यासारखं त्याच्याजवळ बरंच असावं. मशीनला वाटायचं, लोक गेले, ते थांबायचं. म्हणून याने खूणच काढली. त्या दिवसापासून मशीन रिकाम्या चर्चला आठवडाभर ऐकत बसलंय.

चालू फाईलमधला कालचा भाग लावला. नुसती भट्टीची घरघर. मग दार. पावलं. बी फुटल्याचा आवाज.

"बंधूंनो, अब्राम माझा मेहुणा, त्यामुळे हे बोलणं मला जड जातं."

खोकला. टरफल थुंकल्याचा आवाज, चर्चमध्ये. पुन्हा तेच वाक्य, सावकाश. तिसऱ्यांदा आवाज थोडा भरून आणला. "पण जो लहान गोष्टीत विश्वासू नाही…" इथपर्यंत. मग गुडघे टेकल्याचा आवाज आणि बराच वेळ काही नाही. तेवढ्यात त्याने काय मागितलं, ते मशीनलाही कळलं नाही.

आगाथाने पूर्ण ऐकलं. हात पिठाचेच होते. म्हणाली, "सभेत वाजवा."

"तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगते."

गुरुवार

तो तुकडा पेनड्राईव्हवर घेऊन गेलो. खिशात मुठीत धरला होता.

कॉर्नेलियस उभा राहिला. शब्द न् शब्द तोच. 'जड जातं'ला आवाज भरून आला, ठरल्या जागी. मग अडखळला. कागद नव्हता जवळ. सगळे वाट बघत होते.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "पण जो लहान गोष्टीत विश्वासू नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांना वाटलं, मी शास्त्रवचन पुरं केलं. त्याला कळलं. तोंड पांढरं पडलं. "एवढंच," म्हणून खाली बसला.

लोवेन पाद्रींनी विचारलं, "अब्राम, तुला काही म्हणायचंय?"

"डिस्क रविवारपर्यंत मोकळी होईल."

किल्लीचा विषय पुढे निघालाच नाही.

शुक्रवार

सकाळी कॉर्नेलियसची गाडी अंगणात. आत आला नाही. टोपी हातात, बिया नाहीत. "दाजी, ते… पुसलंत का?"

"नाही."

"पुसणार आहात ना?"

"बघतो."

"किती आहे त्यात?"

"सप्टेंबरपासूनचं आहे."

तो गाडीला टेकला. सप्टेंबरपासून तिथे एकटा कितीदा गेला असेल, काय काय बोलला असेल, ते आठवत असावा. मी बाकीचं काही ऐकलेलं नाही, हेही सांगितलं नाही. गोठलेल्या अंगणात उभा राहू दिला त्याला. बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी गुडघे टेकले तेव्हाही वाटलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

खूण पुन्हा घातली, वेळ वाढवून. त्याच्या मौनाला पुरेल एवढी. सगळ्या फुगलेल्या फायली पुसल्या, न ऐकता. पेनड्राईव्हही. उद्या सुश मावशीला शेवटच्या आमेनपर्यंत ऐकू जाईल.

कॉर्नेलियसला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.