डॉजला बेडफर्डचा गिअरबॉक्स

१९ नोव्हेंबर १९७४, मंगळवार

"गाडी डोळ्यांनी न्हाई, कानांनी चालवायची असती." येलदरीच्या धरणावर ठेकेदाराची माती वाहायचे, तेव्हा हे म्हणाले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण केबिनमध्ये मी पहिल्यांदाच बसले होते. गिअर बदलताना हे मान तिरकी करायचे, इंजिनाचा सूर उतरेपर्यंत थांबायचे आणि मग दांडा सरकवायचे — झोपलेल्या लेकराखालचा हात काढावा तसा. धरण संपल्यावर तोच डॉज ट्रक ठेकेदाराकडून विकत घेतला.

आज त्याचा गिअरबॉक्स गेला. ताडकळसच्या चढावर असा करकरला म्हणे की शेतातली माणसं बांधावर आली. ट्रॅक्टरला बांधून ट्रक इथे पूर्णा गावात आणला. तेल काढलं तर परातीत लोखंडाचे दात! यांनी एक उचलला, अंगठ्यानं पुसला, खिशात टाकला. जेवले नाहीत.

२१ नोव्हेंबर

भुजंग फिटर आला होता. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून पत्र्याच्या शेडात स्वतःचं लेथ चालवतो.

"आश्रुबादादा, नांदेडच्या भंगारात डॉजचाच गिअरबॉक्स मिळंल की. बोल्टाला बोल्ट बसंल."

"बेडफर्डचा आण."

"अवो, दुसऱ्या कंपनीचा हाय त्यो! तोंडाला तोंड मिळत न्हाई. मधी लोखंडाची पाटी घालावी लागंल, शाफ्ट कापावा लागंल —"

"बेडफर्डचाच."

"वैनी, डोस्कं फिरलं का काय ह्यांचं?"

मी काय सांगू! इतक्या वर्षांच्या गाडीवर एवढा राग कशाचा, मलाही कळत नाही. कारण विचारलं. यांनी पाठ फिरवली.

२४ नोव्हेंबर, रविवार

बेडफर्डचा गिअरबॉक्स बैलगाडीतून आला. ओसरीत ठेवलाय. पाटी करण्यासाठी त्याच्या तोंडाचा छाप घ्यायचं काम माझ्याकडे — भुजंग म्हणाला, "मास्तरीणबाईंचा हात सरळ हाय." वह्यांना घालतो तो खाकी कागद घेतला, हलू नये म्हणून खळ लावून चिकटवला, कडा बोटानं दाबल्या, भोकं कंपासनं आखली. बरं वाटलं. दोघांनी मिळून काही केलं त्याला किती दिवस झाले! हात चालू असताना मी शाळेतलं काय काय सांगत होते. पोरी, बदल्या, नव्या हेडमास्तरांचं खोकणं. यांनी एकदाही हूं म्हटलं नाही.

२५ नोव्हेंबर

आज दिवसभरात एकच शब्द. "मीठ."

३० नोव्हेंबर, शनिवार

पाटी वाया गेली! अर्धा इंच जाड लोखंड, भुजंगाचे चार दिवस. शाफ्ट मधोमध येईना.

"वैनी, खळीनं कागद भिजला अन् ताणला. अर्ध्या सुताचा फरक, पण तेवढ्यानं बेरिंग खाऊन टाकंल की! गिअरबॉक्सला वहीचं कव्हर घालायलाव का तुमी?"

शेडातली माणसं हसली. मी यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणाले, चुकलं माझं. हे पाटीवरचं तेल पुसत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात वंदना. सगळे थांबले तरी यांचा आवाज एकटाच पुढे चालला होता. दोन ओळी. मागे कुणीतरी फिसकन हसलं. यांचे डोळे मिटलेले. आजच्या दिवशी कुणाचं मन ठिकाणावर असतं, असं मी मनाशी म्हटलं.

११ डिसेंबर

गिअरबॉक्स बसला. या वेळी भुजंगानं कागद लागू दिला नाही, सरळ लोखंडावर निशाण केलं. शाफ्ट कापून जोडला. इंजिन सुरू झालं. भुजंगानं लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली. "दादा, गोड चालायलंय. ऐका." यांनी पेचकस घेतला. कानाला नाही लावला. दातांत धरला. डोळे मिटून, मूठ दातांत आवळून कितीतरी वेळ उभे. मग मान डोलावली.

भुजंग माझ्याकडे बघेना. पाणी प्यायला आत आला तेव्हा हळू म्हणाला, "जुन्याला कान लागायचे, वैनी. ह्याच्यात आतच कडी असती, ती दातेरी चाकांचा वेग जुळवून घेती. ऐकायचं काम न्हाई. म्हणून तर दादानं..." आणि थांबला. "तुमाला ठाव न्हवतं?"

बावीस वर्षं एका घरात. ठाऊक नव्हतं!

गेल्या उन्हाळ्यात मी केबिनमध्ये होते तेव्हा जिंतूरच्या रस्त्यावर एस.टी. कितीतरी वेळ मागून हॉर्न वाजवत होती. हे बाजू देईनात. शेवटी ड्रायव्हर उतरून ओरडला, "बहिरा हायेस का रे?" हे हसले होते. मीही हसले होते. तेव्हापासून यांच्या गप्प राहण्याला मी रुसवा समजत होते, आणि उलट मीच रुसून बसले होते.

१३ डिसेंबर

हे खूश आहेत. हातानं हवेत पहिला, दुसरा, तिसरा टाकून दाखवतात. "लोण्यात सुरी जायली!" सोमवारपासून परभणीच्या जिनिंगला कापूस. कानांचं कसं काढू? बोलायचं तर ओरडावं लागणार, ओरडलं तर गल्लीला कळणार.

१४ डिसेंबर, शनिवार

ट्रक मागे घेत होते. मागे शेजारच्या धुरपताबाई वाकून शेळीचं दावं सोडत होत्या. मी ओरडले. त्याही ओरडल्या. ट्रक येतच राहिला. मी धावत पुढे जाऊन काचेवर दोन्ही हात मारले तेव्हा थांबला. हातभर अंतर राहिलं होतं.

"आरं मुडद्या, मारायलास का मला! किती बोंबलावं माणसानं!"

हे खाली उतरले. त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींची तोंडं हलत होती. हे नुसते त्या तोंडांकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक.

संध्याकाळी मी समोर बसले, बोट दाखवून विचारलं — कान? यांनी माझं बोट धरून खाली केलं. "सोमवारी जाणार हाय मी," म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार

हे नाहीच म्हणणार. बाईमाणसानं ट्रक! शाळेत काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल. तरी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. अजून वाचतायत —

"सोमवारची खेप पुढं ढकला. मी रजा टाकते. स्टेशनामागच्या माळावर मला गाडी शिकवा. यापुढं स्टिअरिंगवर मी बसते, शेजारी तुम्ही बसा."