४८ की २३०

१० जानेवारी २००७
जीएम साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली. गंगापूर रोडच्या नव्या इमारतीत बँकेची सर्व्हर रूम होतेय, सगळ्या शाखा तिथूनच चालणार. सर्व्हरच्या दहा रॅकना वीज किती व्होल्टची द्यायची ते मी सांगायचं. "तुम्ही इलेक्ट्रिकलच्या ना, मॅडम? एकतीसपर्यंत द्या." यात ठरवायचं काय? २३०. जेवताना घरी सहज बोलले, तर सासरे, अप्पा, घास हातात धरून म्हणाले, "अठ्ठेचाळीस का नाही?"

१२ जाने.
अप्पांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधे. तिथं सगळं ४८ व्होल्ट डीसी, थेट बॅटरीवरून. "गावाची वीज गेली म्हणून फोन कधी मेला का?" नाही, खरंच. आपला यूपीएस बॅटरीतल्या डीसीचं एसी करतो, सर्व्हर आत घेऊन त्याचं पुन्हा डीसी करतो. कशाला? आठ वर्षं नोकरी केली, हे कधी विचारलंच नाही.
सासूबाई गेल्यापासून अप्पा एवढं सलग आजच बोलले.

१६ जाने.
प्रयोग! नव्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत. अप्पा, मी आणि बँकेचे इलेक्ट्रिशियन, नामपूरचे भामरेभाऊ. चार जुन्या बॅटऱ्या. लोड म्हणून पिंपात मिठाचं पाणी, त्यात दोन लोखंडी पत्रे. अप्पांची एक्स्चेंजमधली युक्ती. पत्रे जवळ आणले तसं पाणी फसफसलं. दोन किलोवॅट. पंधरा मीटर वायर, तिच्यात सव्वादोन व्होल्ट वाटेतच गळाले. भामरेभाऊंनी वेटोळं चाचपलं, "ताई, हाई तार तपेल शे."
मग त्याच वायरवर २३० देऊन तेवढाच लोड, दोन हीटर. जेमतेम अर्धा व्होल्ट गेला. वायर गार.
अप्पा म्हणाले, "तार जाड घ्या."
"दहा रॅकना वायर नाही, तांब्याचे दांडे लागतील, अप्पा." भामरेभाऊंसमोर बोलायला नको होतं.

१७ जाने.
अप्पांनी चहा खोलीतच मागवला. फिरायला गेले नाहीत.

२२ जाने.
सकाळी सव्वाअकराला जुन्या सर्व्हर रूमची लाइट गेली, आणि यूपीएसही बसला. बॅटऱ्या भरलेल्या! एसी करणारा भागच गेला. चाळीस मिनिटं सगळ्या शाखा बंद. देवळा शाखेचे मॅनेजर फोनवर: "मॅडम, कांद्याचा लिलाव उठलाय, लोक पासबुकं घेऊन उभी हायेत. काय सांगू त्यांना?" कोपऱ्यात फोन लाइनचा डबा, ४८ वरचा, त्याचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते.
घरी अप्पांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगत होतो. पण म्हणाले, "बॅटरी भरलेली होती? मग मला तो यूपीएस उघडून दाखव."

२५ जाने.
दुरुस्तीवाला येणार होता, अप्पांना घेऊन गेले. यूपीएसचं दार उघडलं तर आत तीस बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. अप्पांनी बोटाने मोजल्या. बारा व्होल्टची एक, म्हणजे ३६०. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. डीसी तर इथंच आहे! आणि एवढ्या व्होल्टला वायरही बारीक चालेल. डीसी म्हटलं की ४८च, हे कुणी सांगितलं आपल्याला?
संध्याकाळी सर्व्हरचा एक मेलेला पॉवर सप्लाय जेवणाच्या टेबलावर उघडला. आत शिरलेल्या २३० चं पहिल्याच पायरीला सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतं. मग थेट ३६० दिलं तर...
अप्पांनीच अडवलं. "एसीची ठिणगी आपोआप विझते गं. डीसीची ओढत जाते. साधा स्विच वितळेल."

२९ जाने.
सर्व्हर कंपनीला फोन केला: थेट ३६० डीसी दिलं तर चालेल का? पलीकडचा माणूस म्हणाला, "असं आजवर कुणी विचारलं नाही. तपासून कळवतो."

३१ जाने.
फाइल दिली. २३० एसी. पण यूपीएस दोन, वेगवेगळे, आणि प्रत्येक सर्व्हरला दोन्हीकडून वायर. साहेब म्हणाले, "म्हणजे नेहमीचंच ना?" हो म्हटलं.
घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते डीसी स्विचचं चित्र काढत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "लोकांना उभं नाही ठेवायचं, बरोबर केलंस. कंपनीचं उत्तर आलं?"
"नाही."
"मग एक रॅक रिकामा ठेव. त्यावर ३६० तू आणि मी बघू."
दहावा ठेवता येईल. साहेबांना काय कारण सांगू, ते मात्र अजून सुचत नाहीये.