गोळ्यांसोबतचा निरोप

माय, आज धाकटीला मी लाल गोळ्या आणून दिल्या. तू गेलीस तेव्हा ती अर्ध्या तासाची होती, तू तिला नीट पाहिलंसुद्धा नाहीस. आता ती चौदाची आहे, मी तेव्हा होते तेवढीच, आणि माझ्याकडे भंडाऱ्यात शिकायला आहे. शाळेतून येते आणि दप्तरही न काढता भिंतीला पाठ लावून बसते, थेट तुझ्यासारखी. काल तिची खालची पापणी ओढून पाहिली तर आत नुसतं पांढरं, रक्ताचा रंगच नाही. जे इतकी वर्षं कुणापुढे काढलं नाही, ते म्हणूनच आज तुला लिहिते आहे.

तुझं ते बसणं मला चांगलं आठवतं. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर दिवसभर उन्हात काळा दगड फोडायचा, पांढरा वेगळा काढायचा, टोपल्या भरायच्या, आणि घरी आलीस की चुलीपुढे जी बसायचीस ती भाताला आधण येईपर्यंत उठायची नाहीस. सहावा महिना होता तुला. दम लागायचा. आणि मला, खरं सांगते, तुझा राग यायचा. दुसऱ्यांच्या आया विहिरीवरून पाण्याचे दोन-दोन गुंड आणतात, हिला एक उचलत नाही, असा राग. तरोट्याची पालेभाजी केलीस तर ती बाबांच्या आणि माझ्या ताटात. तू भातावर पेज ओतून घ्यायचीस आणि वरून कोरा चहा प्यायचीस. चहा घेतला की जरा हुशारी येते म्हणायचीस.

दवाखान्यात गेलीस तर हजेरी बुडते, म्हणून गोळ्या आणायला मला पाठवलंस. रांगेत खाणीवरची पोरं, ओळखीचे काका. नर्सबाईंनी पुडी हातात दिली आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रोज एक, जेवल्यावर. परसाकडं काळं होईल, मायले सांग, भ्याचं नाही. लोखंडाची गोळी आहे, काळं होतेच. अन् गोळीवर चहा प्याचा नाही." मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. घरी पोचले तर अंगणात बाबा आणि शेजारची काकू बसलेले. तू विचारलंस, "काय म्हने बाई?" मी म्हटलं, "रोज एक." तेवढंच. बाकीचं मग सांगू, असं मनाशी म्हटलं.

चार दिवसांनी तू परसाकडून आलीस ती हातपाय गळून. खाणीवरच्या बायकांचा समज होता ना, दगडाची काळी धूळ पोटात साचते आणि एक दिवस आतडी कापत बाहेर पडते, म्हणून कामावरून आल्या की सगळ्या गुळाचा खडा खायच्या. काकूला तू हळूच सांगितलंस, "खान पोटात उतरली वं माह्या." मी तिथेच लसूण सोलत होते. माय, मी तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. पण मग आधी काहून नाही सांगितलं, असं तू विचारलं असतंस. काकू म्हणाली, गोळ्यांनीच खवळलं असेल, बंद कर. तू बंद केल्यास आणि मी लसूण सोलत राहिले.

धाकटी झाली आणि तुझं रक्त थांबेना. जीप दारात येईपर्यंत तू गार पडली होतीस. सुईण म्हणाली, बाईच्या अंगात मुळात रगतच नोहतं. तेरावं झाल्यावर डाळीच्या डब्यात मला ती पुडी सापडली. चारच गोळ्या कमी होत्या. बाबांना दिसायच्या आत मी ती चुलीत टाकली.

धाकटी लहान असताना एकदा मला म्हणाली होती, "मी आली म्हनून माय गेली का?" मी नाही म्हटलं, पण कशानं गेली ते सांगितलं नाही, आणि ती आजवर ते ओझं घेऊन फिरते आहे हे मला दिसतं. आज तिला मी गोळ्यांचं सगळं सांगितलं, अगदी मोठ्यानं. परसाकडं काळं होईल, भिऊ नको, वर चहा नको, पालेभाजी लिंबू पिळून खा. ती आधी हसली. मग तुलाही नर्सबाईंनी ह्याच गोळ्या दिल्या होत्या आणि काळं पाहून भिऊन तू त्या बंद केल्यास, हे मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "मायले हे कोनी सांगतलं नव्हतं का?"

मी म्हटलं, नव्हतं.

"मंग त्या नर्सबाईचीच चूक," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा किती मोकळा झाला, माय, तू पाहायला हवं होतंस. मीही मान डोलावली.

हे लिहून डाळीच्या डब्यात ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. पण आताशा डाळ धाकटीच काढते. म्हणून माझ्या ट्रंकेत, तळाशी ठेवते आहे.