कार्डावरचे आकडे

मंगळवार, संध्याकाळ. बालाघाट

थकलो आज. गाडीची बॅटरी बदलली तं रेडिओ कोड मागून राह्यला, चार आकडे. बाबा म्हणे, "मले पाठ आहे." रिटायर पटवारी, लांजीच्या शेतांचे खसरा नंबर आजही घडाघडा सांगते. कोड दोनदा सांगतला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तं रेडिओ लॉकच झाला असता.

कोडचं कार्ड मले आधीच डॅशबोर्डच्या खणात भेटलं होतं. काहून नाही दाखवलं? बाबाचा चेहरा पाह्यला म्हणून. त्यायनं तिसऱ्यांदा आकडे सांगतले, मी कार्डावरचे दाबले. गाणं लागलं.

"पाह्य, पटवारी नंबर विसरत नाही." मंग हळूच, "कार्ड तं नाही ना पाह्यलं तुनं?"

"नाही," म्हणलो. कार्ड खिशातच होतं.

बाबानं रेडिओचा आवाज वाढवला. घरी येईपर्यंत माह्याकडं पाह्यलं नाही.